पहिल्या ओळीत काय लिहायचं?

1941 सालचा अटलांटिक महासागर. ब्रिटनच्या कोस्टल कमांडचं एक विमान ढगांतून खाली उतरतं. लाटांवर जर्मन यू-बोट, म्हणजे पाणबुडी, दिसते. यू-बोटीवरच्या पहारेकऱ्यालाही विमान दिसतं आणि ती घाईघाईने बुडी मारते. विमान तिच्या डोक्यावर येऊन डेप्थ चार्ज टाकतं. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी ठासून भरलेला पिंप. ठरवून दिलेल्या खोलीवर पोचला की पाण्याच्या दाबाने तो आपोआप फुटतो.

ही खोली तेव्हा शंभर फूट ठरवलेली होती. त्यामागचा हिशेब सरळ होता. विमान दिसल्यापासून हल्ला होईपर्यंत पाणबुडीला सरासरी जेवढा वेळ मिळतो, तेवढ्या वेळात ती साधारण शंभर फूट खाली जाते. म्हणून स्फोटही शंभर फुटांवर.

इव्हान जेम्स विल्यम्स या वेल्श भौतिकशास्त्रज्ञाला या हिशेबातली खोट दिसली. ज्या पाणबुडीला शंभर फूट खाली जायला वेळ मिळाला, ती तोवर दिसेनाशी झालेली असते. पाण्याखाली ती डावीकडे वळली की उजवीकडे, हे वैमानिकाला कळायला मार्ग नसतो. डेप्थ चार्जचा जीवघेणा तडाखा जेमतेम वीस फुटांपर्यंत पोचायचा. म्हणजे अशा पाणबुडीवर टाकलेला पिंप बहुतेक वायाच जाणार. उलट जी पाणबुडी अजून दिसते आहे किंवा नुकतीच बुडाली आहे, तिची जागा पक्की माहीत असते. पण ती असते पृष्ठभागाजवळ, आणि पिंप फुटतो तिच्या कितीतरी खाली! जी सापडणार नाही तिच्यासाठी खोली जुळवलेली होती आणि जी हातात आली होती ती निसटत होती.

विल्यम्स यांनी सुचवलं, स्फोट पंचवीस फुटांवर करा. एवढ्या कमी खोलीवर फुटणारी कळ तयार व्हायला वेळ लागला आणि बदल टप्प्याटप्प्याने झाला. पण तो झाल्यावर बुडणाऱ्या यू-बोटींचं प्रमाण इतकं वाढलं, की पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटलं, इंग्रजांनी नवं, जास्त ताकदीचं स्फोटक शोधून काढलं आहे. प्रत्यक्षात विमान तेच होतं आणि स्फोटकही तेच. बदलला होता एक आकडा.

तीन गोष्टींचं गणित

अशा गणिताला इष्टतमीकरण म्हणतात. नाव अवघड असलं तरी त्याचा सांगाडा रोजच्या व्यवहारातला आहे. त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, आपल्या हातात काय आहे, म्हणजे आपण काय कमी-जास्त करू शकतो. दुसरी, आपल्याला कुठल्या मर्यादा पाळायच्या आहेत. तिसरी, आपल्याला नेमकं काय जास्तीत जास्त किंवा कमीत कमी हवं आहे. गणिताच्या पुस्तकात या तिसऱ्या गोष्टीला उद्दिष्ट फलन म्हणतात, आणि गणित मांडताना ती सर्वांत वर, पहिल्या ओळीत लिहितात.

डेप्थ चार्जच्या उदाहरणात हातात होती स्फोटाची खोली. मर्यादा होती वीस फुटांच्या तडाख्याची. जुन्या हिशेबाने पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'सरासरी पाणबुडीच्या जवळ स्फोट करा'. विल्यम्स यांनी तिथे लिहिलं, 'पाणबुडी बुडण्याची शक्यता वाढवा'. दोन्ही वाक्यं ऐकायला एकच वाटतात, पण उत्तरं आली शंभर आणि पंचवीस. शस्त्रास्त्रांच्या गणिताचा गेल्या पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास वाचताना हेच वारंवार दिसतं. समीकरण सोडवणं कठीण असतं खरं, पण त्याहून कठीण असतं पहिली ओळ बरोबर लिहिणं.

ब्लॅकेटची सर्कस

या विद्येला सैन्यात घेऊन येणाऱ्यांत पॅट्रिक ब्लॅकेट यांचं नाव सर्वांत मोठं. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते आणि 1916 ची जटलंडची लढाई त्यांनी प्रत्यक्ष लढली होती. पुढे ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि 1948 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा विमानवेधी तोफांच्या मदतीसाठी त्यांनी एक गट जमवला. त्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, गणिती होते, एक खगोलभौतिकशास्त्रज्ञ होता आणि एक भूमापकसुद्धा होता. लोक या गटाला 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणू लागले.

सुरुवातीला एक शत्रूविमान पाडायला सरासरी वीस हजारांहून अधिक तोफगोळे खर्च होत होते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हा आकडा चार हजारांच्या आसपास आला. तोफा तशाच होत्या. सुधारलं ते रडारची माहिती आणि तोफेचा नेम यांना जोडणारं गणित, उपकरणं आणि सराव.

याच कामात या गटासमोर एक कोडं आलं. किनाऱ्यावरच्या तोफखान्यांचा हिशेब आतल्या भागातल्या तोफखान्यांपेक्षा दुपटीने चांगला दिसत होता. समुद्रावर रडारला जास्त स्पष्ट दिसतं का? किनाऱ्यावर येताना विमानं सरळ रेषेत उडतात का? अनेक तर्क झाले. शेवटी लक्षात आलं, की जमिनीवर पाडलेल्या विमानाचा दावा त्याचे अवशेष पाहून तपासला जातो, समुद्रावरचा दावा मात्र तपासताच येत नाही. किनाऱ्यावरचे गोलंदाज सरस नव्हते, त्यांच्या दाव्यांना चाळणी लागत नव्हती. आकडे हाती घेण्याआधी ते कुठून आले हे विचारायचं, हा धडा त्या गटाने तिथे घेतला.

कुंपणाचा हिशेब

अमेरिकेतून ब्रिटनकडे अन्न, तेल आणि दारूगोळा नेणारी व्यापारी जहाजं काफिल्याने निघत आणि त्यांच्याभोवती युद्धनौकांचं कडं असे. ब्रिटिश नौदलाचा समज होता, की काफिला लहान असावा. चाळीसच्या आसपास जहाजं योग्य, साठच्या वर नकोच. मोठा काफिला म्हणजे शत्रूला मोठं सावज.

ब्लॅकेट यांच्या गटाने 1941 आणि 1942 च्या नोंदी काढल्या. चाळीसपेक्षा लहान काफिल्यांत, म्हणजे सरासरी 32 जहाजांच्या काफिल्यांत, 2.5 टक्के जहाजं बुडाली होती. चाळीसपेक्षा मोठ्या, सरासरी 54 जहाजांच्या काफिल्यांत बुडाली होती फक्त 1.1 टक्का.

यामागचं कारण आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल. एक एकराच्या चौकोनी शेताला जेवढं कुंपण लागतं, त्याच्या चौपट कुंपण चार एकरांच्या चौकोनी शेताला लागत नाही, दुप्पटच लागतं. क्षेत्रफळ वाढतं त्या मानाने परीघ कमी वाढतो. काफिल्यातली जहाजं म्हणजे क्षेत्रफळ, आणि युद्धनौकांनी राखायचं कडं म्हणजे कुंपण. जहाजं दुप्पट केली तर राखायचं कडं दुप्पट होत नाही. शिवाय नोंदी सांगत होत्या, की पाणबुड्यांची टोळी एका हल्ल्यात जेवढी जहाजं बुडवते, ती संख्या काफिल्याच्या आकारावर फारशी अवलंबून नसते. मग जहाजं लहान लहान काफिल्यांत वाटण्यापेक्षा मोजक्या मोठ्या काफिल्यांत एकत्र आणलेली बरी. शत्रूला सावजं कमी वेळा दिसतात आणि वाचलेल्या युद्धनौका इतर कामांना मोकळ्या होतात.

1943 च्या वसंतात नौदलाने मोठे काफिले मान्य केले. हा प्रश्न आपण आधीच हाती घ्यायला हवा होता, ही खंत ब्लॅकेट यांनी पुढे लिहून ठेवली. हे मला महत्त्वाचं वाटतं. उत्तर वर्षभर नोंदवह्यांत पडून होतं, ते तिथे शोधणारं कोणी नव्हतं आणि त्या वर्षात माणसं बुडत होती.

तोफ कशासाठी बसवली?

भूमध्य समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर विमानवेधी तोफा बसवल्या होत्या. त्यांचा हिशेब झाला तेव्हा कळलं, की हल्ल्यांपैकी जेमतेम चार टक्क्यांत या तोफांनी विमान पाडलं. तोफा महाग, चालवायला माणसं हवीत, आणि इतर आघाड्यांवरून मागणी. मग काढून टाकाव्यात का?

पहिल्या ओळीत 'पाडलेली विमानं' लिहिली तर उत्तर 'होय' असंच येतं. पण तोफा विमानं पाडायला बसवल्या होत्या की जहाज वाचवायला? प्रश्न बदलून आकडे पुन्हा काढले. तोफा चालल्या तेव्हा हल्ला झालेल्या जहाजांपैकी 10 टक्के बुडाली होती आणि चालल्या नाहीत तेव्हा 25 टक्के. गोळ्यांच्या माऱ्यात वैमानिकाला खाली येऊन नीट नेम धरता येत नव्हता. विमान परत जात होतं आणि जहाजही बंदरात पोचत होतं. तोफा राहिल्या. अमेरिकन शास्त्रज्ञ फिलिप मोर्स आणि जॉर्ज किंबल यांनी ही हकीकत आपल्या ग्रंथात नोंदवली आणि या शास्त्राच्या वर्गांत ती आजही सांगितली जाते.

कोपऱ्याकोपऱ्याने शिखराकडे

युद्धात हे काम कागद, पेन्सिल आणि शहाणपणावर चाललं. युद्ध संपल्यावर त्याला यंत्रासारखी पद्धत मिळाली. 1947 मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी पेंटॅगॉनमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने सिम्प्लेक्स पद्धत शोधली. हवाई दलात प्रशिक्षण, रसद आणि तैनाती यांच्या वेळापत्रकाला 'प्रोग्रॅम' म्हणत. त्यावरूनच लिनिअर प्रोग्रॅमिंग हे नाव आलं. संगणकाच्या प्रोग्रॅमशी त्याचा संबंध नाही.

डँट्झिग एक उदाहरण देत. सत्तर माणसं आहेत, सत्तर कामं आहेत. कोणतं काम कोणी केलं तर किती फायदा, हे माहीत आहे. सर्वोत्तम वाटप कोणतं? सगळे पर्याय तपासायचे म्हटलं तर त्यांची संख्या एकावर शंभर शून्यांएवढी होते. जगातले सगळे संगणक विश्वाच्या जन्मापासून चालवले तरी ती यादी संपणार नाही. सिम्प्लेक्स पद्धत ही यादी चाळतच नाही. सगळ्या मर्यादा एकत्र मांडल्या की अनेक पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी एक आकृती तयार होते आणि सर्वोत्तम उत्तर तिच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर मिळतं. ही पद्धत एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त चांगल्या कोपऱ्यावर जाते, आणि पुढे चांगला कोपरा उरला नाही की थांबते.

पद्धतीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांपैकी एक होती माणसाच्या आहाराची. 77 खाद्यपदार्थ, 9 पोषणघटकांची गरज, आणि खर्च कमीत कमी. हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर ते सोडवायला सुमारे 120 मनुष्यदिवस लागले. आज साधा लॅपटॉप ते डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवतो.

शस्त्रांच्या बाबतीत याच घराण्यातला एक प्रसिद्ध प्रश्न म्हणजे शस्त्र आणि लक्ष्य यांच्या जोड्या लावणं. समजा, दोन क्षेपणास्त्रं आपल्याकडे येत आहेत. एकाने होणारी हानी 10 एकक, दुसऱ्याने 6. आपल्याकडे त्यांना हवेतच पाडणारी चार क्षेपणास्त्रं आहेत आणि प्रत्येकाच्या यशाची शक्यता 60 टक्के आहे. मन म्हणतं, मोठ्या संकटावर चारही सोडा. तसं केलं तर सरासरी 9.74 एकक हानी टळते. तीन आणि एक अशी वाटणी केली तर 12.96, आणि दोन-दोन केली तर 13.44. याचं कारण असं, की पहिलं क्षेपणास्त्र 60 टक्के काम करतं, दुसऱ्यामुळे यशाची शक्यता 84 टक्क्यांवर जाते, तिसऱ्यामुळे 93.6 वर. प्रत्येक पुढच्या क्षेपणास्त्राची भर आधीच्यापेक्षा कमी पडत जाते. एका दारावर चार कुलपं लावण्यापेक्षा दोन दारांवर दोन-दोन लावावीत, असंच हे आहे.

इथे प्रत्येक क्षेपणास्त्राची क्षमता सारखी धरली म्हणून हिशेब सोपा झाला. प्रत्येक जोडीची शक्यता वेगळी धरली की प्रश्न कमालीचा अवघड होतो. 1986 मध्ये सिद्ध झालं, की गणितज्ञ ज्यांना मूलतः कठीण मानतात त्या प्रश्नांच्या वर्गात तो बसतो. लढाईत मात्र उत्तर काही सेकंदांत हवं असतं. म्हणून अशा वेळी अचूक उत्तराऐवजी पुरेसं चांगलं उत्तर झटकन देणाऱ्या पद्धती लागतात.

बावीस इंचांचं दार

आतापर्यंतची उदाहरणं होती हातातलं शस्त्र कसं वापरायचं याची. शस्त्र कसं घडवायचं, हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे एक गुण वाढवला की दुसरा घटतो. रणगाड्याचं चिलखत जाड केलं की तो सुरक्षित होतो, पण मंदावतो. रॉकेटचं एकूण वजन ठरलेलं असताना त्याचं स्फोटकाग्र जड केलं की इंधन कमी मावतं आणि पल्ला घटतो. अशा वेळी सर्व बाजूंनी सर्वोत्तम अशी एकच रचना नसते. असते ती रचनांची एक रांग. त्या रांगेतल्या कुठल्याही रचनेत एक गुण वाढवायचा तर दुसरा गमवावाच लागतो. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांचं नाव या सीमारेषेला दिलेलं आहे. संगणक ही सीमारेषा आखून देऊ शकतो. तिच्यावरचा कोणता बिंदू निवडायचा, हे माणसाला ठरवावं लागतं.

ही निवड चुकली की काय होतं, हे पुढे विख्यात भौतिकशास्त्रज्ञ झालेल्या फ्रीमन डायसन यांनी पाहिलं. 1943 मध्ये एकोणीस वर्षांचे डायसन ब्रिटनच्या बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात रुजू झाले. त्यांच्या विभागाने पाडल्या गेलेल्या विमानांतले किती जण जिवंत सुटले याचा हिशेब काढला. दिवसा पाडल्या गेलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांतून सुमारे 50 टक्के माणसं सुटत होती. ब्रिटिश हॅलिफॅक्स विमानातून 25 टक्के. आणि सर्वांत नवं, सर्वांत नावाजलेलं जे लँकेस्टर, त्यातून फक्त 15 टक्के. लँकेस्टर जास्त बॉम्ब नेत होतं आणि जास्त दूर जात होतं. पण त्याचं बाहेर उडी मारायचं दार 22 इंच रुंद होतं, हॅलिफॅक्सचं 24 इंच. जाड कपडे आणि पॅराशूट अंगावर असलेल्या, गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानातल्या माणसासाठी त्या अंधारात दोन इंचांवर सारं ठरत होतं.

डायसन यांच्या सहकाऱ्याने दार मोठं करण्यासाठी दोन वर्षं पाठपुरावा केला. ते मान्य झालं तेव्हा युद्ध संपत आलं होतं. डायसन यांच्या विभागात आणखी एक विचार होता. बॉम्बफेकी विमानांवरचे मशीनगनचे बुरूज आणि त्यांचे गोलंदाज काढले तर विमान हलकं होऊन वेगाने उडेल, आणि पडलंच तरी मरणारी माणसं कमी असतील. तोही वरच्यांनी स्वीकारला नाही. बॉम्बर कमांडचे 55,573 जण त्या युद्धात मृत्युमुखी पडले.

लँकेस्टर घडवणाऱ्यांना गणित येत नव्हतं असं नाही. किती टन बॉम्ब किती दूर, हे त्यांनी उत्तम जमवलं. माणूस बाहेर कसा पडेल, हे त्या पहिल्या ओळीत नव्हतंच.

हीच चूक पुढे अमेरिकेतल्या रँड या अभ्यास संस्थेत झाली. 1950 च्या सुमारास एडविन पॅक्सन यांनी शेकडो चलांचा विचार करून सोव्हिएत संघावर हल्ल्यासाठी उत्तम विमानव्यवस्था कोणती याचं गणित मांडलं. ठरलेल्या पैशांत जास्तीत जास्त विध्वंस हे उद्दिष्ट ठेवल्यावर उत्तर आलं, स्वस्त आणि संथ विमानं मोठ्या संख्येने पाठवा. त्यांतली कितीतरी परत येणार नाहीत, पण विमान स्वस्त असल्यामुळे हिशेब जमत होता. हवाई दलाने तो अहवाल नाकारला. विमानाची किंमत त्यात होती, वैमानिकाच्या जिवाची नव्हती.

पुण्यापर्यंतचा धागा

या विद्येचा धागा आपल्यापर्यंतही येतो. जानेवारी 1947 मध्ये ब्लॅकेट दिल्लीला विज्ञान परिषदेला आले होते. तिथे जवाहरलाल नेहरूंशी त्यांची ओळख झाली आणि भारताच्या संरक्षणाची वैज्ञानिक घडी कशी असावी, याबद्दल नेहरूंनी त्यांचा सल्ला घेतला. 1948 मध्ये ब्लॅकेट यांनी आपला अहवाल दिला. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. 1952 मध्ये पुण्यात खडकीला शस्त्रास्त्रविद्येचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आज गिरिनगरला संरक्षण क्षेत्रातलं अभिमत विद्यापीठ म्हणून उभी आहे. पाषाणला शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्था आहे. तिथे आकाराला आलेल्या पिनाक रॉकेट यंत्रणेचे सहा प्रक्षेपक 44 सेकंदांत 72 रॉकेटं सोडतात. प्रक्षेपकात बारा नळ्या का, रॉकेट एवढंच जड का, पल्ला एवढाच का, अशा प्रत्येक प्रश्नाच्या मागे वजन, पल्ला, वेग, अचूकता आणि खर्च यांची तीच ओढाताण असते.

या गणिताची सुरुवात तर आपल्या घरात होते. महाराष्ट्रात बारावी वाणिज्य शाखेच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे आणि माणसं व कामं यांच्या जोड्या लावण्याचा प्रश्नही आहे. लातूरची किंवा चिपळूणची एखादी मुलगी वहीत 'Z' या उद्दिष्ट फलनाचं कमाल मूल्य काढते, तेव्हा ती डँट्झिग यांनी पेंटॅगॉनमध्ये बसून केलं तेच करत असते. वर्गात ती पहिली ओळ छापून आलेली असते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. सगळे गुण पुढच्या पायऱ्यांना असतात.

प्रत्यक्ष जगात ती ओळ छापून येत नाही. ती कोणीतरी लिहितं. आज ती संगणकाला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला दिली जाते, आणि सांगितलेलं उद्दिष्ट ही यंत्रं पूर्वी कधी नव्हतं इतक्या चोखपणे गाठतात. ओळ चुकीची असेल तर चुकीचं उत्तरही तितक्याच चोखपणे येतं. शस्त्रांच्या बाबतीत त्याची किंमत माणसं मोजतात, शस्त्र चालवणारी आणि शस्त्रासमोर सापडणारीही. म्हणून गणित शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगावंसं वाटतं: पहिली पायरी सोडवायला घेण्याआधी पहिल्या ओळीपाशी थांबा. तिथे काय मोजलं आहे ते वाचा, आणि काय मोजायचं राहून गेलं आहे ते विचारा. लँकेस्टरचं दार बावीस इंचांचं झालं, कारण विमान घडवताना हा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.